भिंतीतली नळी

पाण्याचा अर्धा गलास फेकून देणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मला येतं, पण आज घरात लगीन आहे म्हणून तोंड आवरते. चैत्र लागला की आमच्या विहिरीचा तळ दिसतो. टँकर येतो तेव्हा येतो, हंड्यांवरून बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढतात. आणि अशा दिवसांत पडवीत बसलेला पाव्हणा अर्धा गलास पितो न् उरलेलं पाणी हात लांब करून अंगणात भिरकावतो. कुठं पडतंय तेसुद्धा बघत नाय. माझ्या अंगाची लाही लाही होते.

आमचं घर अशा जागी की बोलायची सोय नाय. सिद्धगडाच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, त्यांची पायवाट आमच्या दारात डांबरीला मिळते. मुरबाडला जाणारी जीप तिथंच थांबते. म्हणजे वाडीवरून उतरलेला माणूस जीप येईपर्यंत आमच्या पडवीत बसणार, आणि बसला की पाणी मागणार. नाय म्हणायची आपल्यात रीत नाय. पीठ मळत असले तर तशाच हातांनी, चुलीवर भाकरी असली तर ती जळत टाकून, मी तांब्या-गलास घेऊन भायेर पळायचं. तो गेला की दुसरा. गावात म्हणतात, गोजरचं तोंड लय तिखट. माझ्या जागी चार दिवस राहून बघा म्हणावं.

माझा नवरा भगीरथ माझ्या अगदी उलटा. त्याला राग येत नाय, त्याला युक्ती सुचते. आधी कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला तसा घरी आला, शेती बघतो, गावातले पंप दुरुस्त करतो, आणि उरलेल्या वेळात माझ्या कटकटींवर तोडगे काढतो. शिंक्याच्या दोरीवरून उंदीर भाकरीत उतरायचा, तर यानं दोरीत डब्याचं पत्र्याचं झाकण ओवलं. उंदीर तिथपर्यंत येतो, घसरतो, परत जातो. कपाटाला मुंग्या लागायच्या, तर चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. भांडी घासायचं पाणी मोरीतून वाया जायचं, ते फुटक्या पन्हाळीनं केळीला नेलं. मी याच्यावर खेकसते, पण खरं सांगू, आतून बरं वाटतं. बाकीच्या बायकांचे नवरे कटकट ऐकून घरातून उठून जातात. हा जातो तो पक्कड आणायला.

आता सावळीचं सांगते, कारण सगळं तिच्याशी येऊन थांबतं.

सावळी वरच्या वाडीतली, माझ्याच वयाची. डोंगरातली करवंदं, रानभाज्या, कधी सरपणाची मोळी घेऊन बाजाराला उतरते. पण ती कधी पाणी मागायची नाय. टोपली पडवीत ठेवायची, सरळ आत यायची, फळीवरचा तांब्या घ्यायची, विसळायची, माठात बुडवायची आणि वर तोंड करून सगळा तांब्या संपवायची. थेंब उरला तर तुळशीला. मग उंबऱ्यात बसायची, माझ्यापुढचं सूप ओढायची न् न सांगता तांदळातले खडे वेचायला लागायची. वाडीवर कुणाची म्हैस व्याली, कुणाचा पोरगा कसाऱ्याला कामाला लागला, सगळं मला तिच्याकडून कळायचं.

माठाला ती हात लावते म्हणून सुरुवातीला शेजारणींनी नाक मुरडलं होतं. तेव्हा मी भर पाणवठ्यावर म्हटलं होतं, माझ्या पोरीच्या तोंडाला तिचं दूध लागलंय, माठाला हात लागला तर काय बिघडतंय?

ते खरंच होतं. माझी मनस्वी झाली तेव्हा मला ताप भरला आणि दूध आटलं. डब्याची पावडर पोरीला पचेना. रडून रडून तिचा आवाज बसला. सावळी तेव्हा आमच्या शेतात लावणीला यायची, तिचा पोरगा वाळू अंगावर पीत होता. ती चिखलाचे पाय धुवून आत आली, पोर उचललं आणि पदराखाली घेतलं. कुणाला विचारलं नाय, कुणी अडवलं नाय. माझी सासू मोठी सोवळ्यातली, ती भिंतीकडं तोंड करून बसली, पण पोर रडायचं थांबलं तशी तीही काय बोलली नाय. तो सबंध पावसाळा सावळी येत राहिली. एका अंगाला वाळू, एका अंगाला माझी मनू.

मनस्वीला उष्टावलं त्या दिवशी मी सावळीला शब्द दिला होता, "हिच्या हळदीला पहिला हात तुझा लागल. माझं बोलणं आहे हे."

सावळी हसली होती. "तवर मला वळख दे म्हंजे झालं गो," म्हणाली.

तर या वैशाखात मनस्वीचं लगीन ठरलं. मुलगा ओमकार, शहापूरकडचा, चांगल्या घरातला. आणि माझी धांदल उडाली. पापड, कुरडया, तांदूळ निवडायचे, भिंतींना रंग द्यायचा, आणि त्यात हे पाणी मागणारे. एक दिवस कुरडईचा चीक चुलीवर आणि भायेरून हाक, पाणी द्या गो. मी पाणी देऊन येईपर्यंत चीक खाली लागला. पाणी पिणाऱ्यानं अर्धा गलास अंगणात फेकलेला मी डोळ्यांनी बघितला.

"काहीतरी करा," मी नवऱ्याला म्हटलं. "मी काय पाणपोई चालवत नाय."

भगीरथ लगेच कामाला लागला. आधी पडवीत बसून माणसं पाणी कशी पितात तेच बघत राहिला. मला वाटलं, डोकं फिरलं याचं. मग म्हणाला, "दुसऱ्यानं भरून दिलेलं पाणी माणूस फेकतो. जो आपल्या हातानं घेतो तो फेकत नाय. सावळीताईला बघ ना, थेंब वाया घालवत नाय. सगळ्यांना तसं आपापलं घेता आलं पायजे."

म्हणजे त्या नळीची कल्पना सुद्धा त्याला सावळीवरून सुचली. हे आज आठवलं की मला कुठं तोंड लपवू असं होतं.

त्यानं आत स्वयंपाकघरात चौथऱ्यावर पिंप ठेवलं. पिंपापासून भिंतीतून भायेर नळी काढली. साधा नळ लावला असता तर पोरांनी चालू ठेवून पळ काढला असता, म्हणून नळीच्या तोंडाशी रबराचा तुकडा जोडला न् तो स्प्रिंगच्या चिमट्यात धरला. चिमट्याला जुन्या सायकलचा ब्रेक. ब्रेक दाबला की चिमटा उघडतो, बारीक धार येते. सोडला की टक् करून बंद. खाली पत्र्याची पन्हाळ, सांडेल ते अळूला जाईल. ब्रेकसुद्धा कोपरानं दाबता येईल अशा उंचीवर, कारण डोक्यावर ओझं असलं तर हात मोकळा नसतो. एवढा बारीक विचार त्यानं केला.

दोन गोष्टी मात्र माझ्या. तो नळी पडवीत काढणार होता. मी म्हटलं, "पडवीत नको, रस्त्याच्या अंगाला काढा. म्हणजे तिथल्या तिथं पितील, पडवी तुडवायला नको. लग्नापुरती तरी स्वच्छ राहू दे."

"आणि बसायला?"

"दगड आहे की तिथं."

मग तो नळीशी साखळीनं गलास बांधायला निघाला, एसटी स्टँडवर असायचा तसा. मी म्हटलं, "गलास कोण धुणार? ओंजळीनं पितील. हात काय कुणाला नायत?"

त्यानं साखळी परत पेटीत टाकली. मी सांगते तसं करायची त्याला सवय आहे.

नळीचं गावात नाव झालं. पोरं उगाच तहान लागल्यासारखी येऊन ब्रेक दाबून जायची. बचत गटाची मॅडम आली होती, तिनं मोबाईलवर व्हिडिओ काढला. म्हणाली, "किती सोपं आणि किती उपयोगी." थोरल्यांनी चेष्टा केली, भगीरथानं गंगा आणली ती पण भिंतीतून. मग रस्त्याला लागून जेवढी घरं आहेत तेवढ्यांनी याला बोलावलं. जुन्या सायकली धुंडून ब्रेक काढले, कुणाकडं पिंप, कुणाकडं रांजण. लग्नाचं काम सोडून हा घरोघर भिंतीला भोकं पाडत होता आणि मी कधी नव्हे ते त्याच्यावर खेकसत नव्हते. मला वाटायचं, लग्नाच्या वेळी व्याह्यांकडचे येतील, बघतील, कसल्या घरातली पोर आहे ते त्यांना कळल.

आणि खरंच, पाणी वाचत होतं. पिंप भरलं की पुरायचं. मला कुणी हाक मारत नव्हतं. माझी भाकरी जळत नव्हती.

त्याच दिवसांत सावळी आली. मी आत लाडवांच्या तयारीला लागलेली, बेसन खमंग व्हायला आलेलं, हात सोडता येत नव्हता. खिडकीतून तिची टोपली दिसली. ती पायरी चढायला लागली तशी मी आतूनच ओरडले, "सावळे, भायेर नळी केलीय बघ नवी. तिथं पी. ब्रेक दाब, ब्रेक."

मला तिला दाखवायचं होतं. देवाशपथ, तेवढंच होतं मनात. आपल्या माणसाला नवी वस्तू दाखवतो तसं.

ती पायरीवर थांबली. मग खाली उतरली. भिंतीपलीकडून टक् आवाज आला, थोड्या वेळानं परत टक्.

"बेस केलाय गो दादानं," ती भायेरून म्हणाली.

"आहे की नाय?" मी आतून म्हटलं आणि बेसन हलवत राहिले. ते उतरवून भायेर आले तर ती गेलेली. जीप आली असेल म्हटलं. कट्ट्यावर पळसाच्या पानात करवंदं ठेवलेली होती, मनस्वीसाठी.

त्यानंतर ती दिसली नाय. बाजाराचा वार आला, गेला. मी म्हटलं, कामात असेल. दुसऱ्या बाजाराला वाडीवरच्या बाकीच्या बायका उतरल्या, नळीवर पाणी प्यायल्या, दगडावर बसल्या, गेल्या. सावळी त्यांच्यात नव्हती. एकीला विचारलं तर म्हणाली, "ती वढ्याकडनं जाते आता." ओढ्याकडची वाट लांबची, त्यात काटेरी. तिकडनं कशाला जाते, मला कळेना. कळेना म्हणण्यापेक्षा, मी कळून घेतलं नाय. काम भरपूर होतं.

मला कळलं ते गिरजाकाकूमुळं. गिरजाकाकू आमची शेजारीण, मनानं वाईट नाय. पापड लाटायला आली होती. लाटता लाटता म्हणाली, "एक बोलू का गोजर? तुझ्या मालकानं गावावर उपकार केले."

मी फुशारले. म्हटलं, "पाणी वाचतंय हेच मोठं."

"पाणी वाचतंच गो. पन त्या वाडीवरल्या आता पायरी चढत नायत, ते किती बरं झालं. पयलं कसं, कोन कुठं बसल, कशाला हात लावल, बोलायची चोरी. आमच्या सासूच्या येळी तांब्या उंच धरून त्यांच्या ओंजळीत ओतावं लागायचं. विटाळ होऊ नये म्हनून. हात भरून यायचे. आता भिंतच ओतते. ना आपल्याला त्रास, ना त्यांना."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. ती पुढं कायतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं.

मी ते बघितलेलं आहे हो. माहेरी, लहानपणी. माझी आजी ओट्याच्या कडेला उभी राहायची, तांब्या खांद्याच्या वर, आणि खाली एखादी वाडीवरची बाई वाकून ओंजळ धरून. आजी लुगड्याच्या निऱ्या दुसऱ्या हातानं मागं धरायची, शिंतोडा उडू नये म्हणून. मी खांबाला टेकून बघायचे. मला ते सगळं ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, पडवीत नको. तरी म्हटलं, गलास नको, ओंजळीनं पितील. आणि सावळी पायरी चढत होती तेव्हा मीच ओरडले. जिनं माझ्या पोरीला अंगावर पाजलं तिला मी पायरीवरून उतरवलं, आणि वर विचारलं, आहे की नाय?

लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अंगावर कुणीतरी गरम राख ओतावी तसं झालं. जी बाई पाणवठ्यावर अख्ख्या गावाला गप्प करायची ती मी, खाली मान घालून पापड लाटत बसले.

भगीरथ आला तसं त्याला सांगितलं. तो कुणाच्या तरी घरचा स्प्रिंग हातात घेऊन उभा होता. बराच वेळ तो स्प्रिंगच दाबत राहिला.

"मी गलास बांधनार होतो," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला, पण मी त्याच्यावर अशी तुटून पडले की विचारू नका. तुमचंच डोकं, तुमचीच हौस, कुणी सांगितलं होतं घरोघर भोकं पाडायला. तो ऐकत राहिला. तो खरं बोलला होता म्हणूनच मला एवढा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वाडीवर गेले. हातात हळदकुंकू, सुपारी, आवतानाच्या अक्षता. चढण चढून जीव दमला. सावळीच्या दारात कुणी नव्हतं. तिचा नवरा धाकलू शेजारच्या खोपीवरून म्हणाला, "झिऱ्यावं गेलीय." मी तिकडं गेले. डोंगराच्या कुशीत एक खड्डा, त्यात खडकातून पाझरणारं पाणी. सावळी खाली उतरून उकिडवी बसली होती न् करवंटीनं हंड्यात पाणी भरत होती. करवंटी बुडवायची, थांबायचं, पाणी परत साचलं की परत बुडवायची. हंडा काय भरत नव्हता. मी वरून बघत उभी राहिले, हाक मारवेना.

तिनंच बघितलं. "आं? गोजर? इतक्या वर कशी गो आलीस," म्हणाली आणि हंडा तसाच उचलून मला घरी घेऊन आली. सारवलेल्या ओट्यावर पोतं टाकलं. राखेनं घासलेला तांब्या आणला, भायेरून पदरानं पुसला, काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. सोबत गुळाचा खडा.

मला त्या झिऱ्याची करवंटी दिसत होती. मी म्हटलं, "एवढं नको गो. अर्धा दे."

"अर्धं पानी पाव्हन्याला देतात व्हय?" ती म्हणाली.

मी सगळा तांब्या प्यायले. थेंब ठेवला नाय.

मग मी तिला कुंकू लावलं, अक्षता दिल्या. म्हटलं, "पहिला हात तुझा. विसरली नायस ना?"

तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, नाय, हिनं मनावर घेतलं नाय, मीच उगाच. मनू कशी आहे, बारीक झाली का, पोरगा कसा आहे, सगळं विचारलं तिनं. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "पन मी बसू कुठं?"

"म्हणजे?"

"म्हंजे तुजे पाव्हने येतील ना शापूरचे. मी मागल्या अंगानं येऊ, का त्या नळीपाशी उभी राहू? मनूला भायेर आनशील का तितं? मी बोट लावीन न् जाईन. तुला खाली बगायला नको."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी परतून दिला असता, भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. ती खरंच विचारत होती, माझी अडचण होऊ नये म्हणून.

"पुढच्या दारानं येशील," मी म्हटलं. "नळी मी काढून टाकते."

"कशाला गो? पानी वाया जाईल. चांगली केलीया दादानं."

चुकलं माझं, असं म्हणायला मी एवढी चढण चढले होते. ते तोंडातून निघेना. म्हणायचं तर आधी काय चुकलं ते बोलावं लागलं असतं, आणि ते तिच्यासमोर उच्चारायची मला हिंमत झाली नाय. मी उठले. ती अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला आली.

घरी आल्या आल्या भगीरथनं नळी काढली आणि भोक सिमेंटनं बुजवलं. भिंतीला नुकताच पिवळा रंग दिलेला, त्यावर तो करडा ठिपका लांबूनसुद्धा दिसायचा. पिंपापाशी मी परत तांब्या-गलास ठेवला आणि येईल त्याला पडवीत बसवायला लागले. गिरजाकाकूनं विचारलं, नळी का गो काढली?

"बिघडली," मी म्हटलं.

बिघडली. एवढंच बोलले मी. खरं सांगितलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, मग तिच्या नळीचं काय, आणि रस्त्यावरच्या बाकीच्या घरांचं काय. लग्नाच्या तोंडावर कुणाशी वाकडं घ्यायचं? भगीरथ एकदोघांकडं जाऊन म्हणाला, गलास तरी बांधू या. ते म्हणाले, राहू दे भाऊ, चाललंय ते बरं चाललंय. त्या नळ्या आहेत तिथं आहेत. येता जाता टक् आवाज येतो.

काल हळद होती.

सावळी पुढच्या दारानं आली. हिरवं नवं लुगडं, केसांत रानातली फुलं, हातात जांभळांची टोपली. मांडवाच्या पहिल्या खांबापाशी थांबली. मी बघितलं तशी धावत गेले, मनगट धरून तिला पाटापाशी आणलं. मनस्वी पाटावर बसलेली, तिनं वर बघितलं न् "मावशी" म्हणून हात पुढं केले. सावळीनं वाटीत बोटं बुडवली. पोरीच्या दोन्ही गालांना, कपाळाला, पायांना हळद लावली. पहिला हात तिचाच लागला. माझा शब्द मी पाळला, आणि त्या घडीला माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

तेवढ्यात नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली. पुढं ओमकारची मोठी काकी, त्यांच्या घरात तिचा शब्द चालतो. खुर्चीवर बसता बसता तिनं गिरजाकाकूला विचारलं, "हळद लावली त्या कोण?" गिरजाकाकूनं वाकून कानात सांगितलं. काकीनं पदर सावरून मांडीवर घेतला आणि सावळी उठून गेली त्या जागेकडं बघितलं. उद्यापासून माझी मनू या बाईच्या हाताखाली.

मी मांडवभर बघितलं तर सावळी नव्हती. जेवायला बसवायचं होतं तिला, माझ्या शेजारी. मागं बघितलं, पडवीत बघितलं. ती घराच्या बाजूला, रस्त्याच्या अंगाला, भिंतीशी उभी होती. उन्हात. त्या सिमेंटच्या ठिपक्यापाशी. नळी नाय हे तिला दिसत होतं, तरी तिथंच उभी होती. कुणीतरी येईल न् पाणी देईल म्हणून.

मी आत गेले, माठातून तांब्या भरला, काठोकाठ, आणि घेऊन आले. "सावळे, इथं काय उभी राहिलीस, आत चल," म्हटलं.

ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या मागं बघत होती. मी वळून बघितलं. काकी हात धुवायला केळीपाशी आली होती न् हाताचं पाणी झटकत आमच्याकडं बघत होती.

मी तांब्या पुढं केला. म्हटलं, "घे."

सावळीनं ओंजळ केली. खाली वाकली आणि ओंजळ तोंडाशी नेली.

"हातात घे गो," मी हळूच म्हटलं. "तुला माझी आण आहे."

"वत," ती तितक्याच हळू म्हणाली. "ती बगतीया. मनूला नांदायचंय तितं."

मी तांब्या खाली ठेवू शकत होते. तिच्या हातात कोंबू शकत होते. पाणवठ्यावर ओरडले होते तसं ओरडू शकत होते. मी तांब्या वर धरला आणि ओतलं. आजी धरायची तितकाच वर.

मागून काकी म्हणाली, "तुमच्याकडे अजून रीत सांभाळतात हो. बरं वाटलं बघून."

मी तिच्याकडं वळून हसले.

सावळी पीत होती. हातांना हळद लागलेली, म्हणून ओंजळीतलं पाणी पिवळं झालं होतं. बोटांच्या फटींतून निम्मं पाणी खाली गेलं. नळी काढली तेव्हा खालची पन्हाळही काढली होती, त्यामुळं ते अळूलाही मिळालं नाय, तिथंच मातीत जिरलं.